रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम: पावणेदोन वर्षं वापरून (मधे एकदा मूर्खपणा करून) लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, ही कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन काहीही वाटत नाही. डोकं हलकं होत नाही, धाप कमी होत नाही, झोप चांगली लागत नाही, वजनकाटा जागचा हलत नाही. पेनकिलर घेतली की अर्ध्या तासात कळतं, अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की ढेकर येऊन कळतं, हिचं तसं काहीच नाही. तीन महिन्यांनी लॅबच्या कागदावर एक आकडा बदलतो एवढंच. आणि माझ्यासारखी बाई ती गोळी मधेच सोडून देते त्याचंही कारण हेच, ते पुढे सांगतेच.

मी साताऱ्याची, शाळेत शिकवते, वय ५३. अंगानं बारीक. आमच्यात कोलेस्टेरॉल म्हणजे जाड माणसांचं दुखणं असा ठाम समज, त्यामुळं २०२३च्या जूनमध्ये एका लॅबच्या ऑफरमध्ये सहज म्हणून रक्त दिलं तेव्हा मला शुगरची धास्ती होती, कोलेस्टेरॉलची नाही. रिपोर्ट आला: टोटल २७८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १९०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९२. शेवटच्या आकड्याखाली जाड काळी रेघ. (एलडीएल बऱ्याच लॅब मोजत नाहीत हे मला तेव्हा कळलं, हिशोबानं काढतात. टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. मी गणिताची बाई, तिथंच पेन काढून करून बघितलं, बरोबर निघालं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असलं की मात्र हा हिशोब चालत नाही.)

आमचे हे म्हणाले मशीन बिघडलं असेल. जाऊबाई म्हणाल्या, तू तर भाजीत तेल मोजून घालतेस, तुला कसलं कोलेस्टेरॉल. डॉक्टर मात्र पहिलं काय म्हणाले, तर थायरॉइड बघूया. कारण थायरॉइड कमी काम करत असेल तर एलडीएल आपोआप चढतं, आणि मग ते दुरुस्त केल्यावर आपोआप उतरतं. माझं टीएसएच नॉर्मल. मग विचारलं पाळी कधी गेली. दोन वर्षांपूर्वी. म्हणाले पाळी गेल्यावर बायकांचं एलडीएल चढतंच, आणि घरात कुणाला हार्टचं? थोरले मामा ४९व्या वर्षी गेले, शेतात राबणारे, काटक, पोटाचा घेर नाही, व्यसन नाही. तेव्हा सगळे म्हणाले नजर लागली. डॉक्टरांनी ते ऐकून अजून एक टेस्ट लिहिली, लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉलचा एक कण), ही आयुष्यात एकदा केली तरी पुरते कारण तो आकडा जन्मापासूनचा, आईबापांकडून आलेला. ५०च्या वर गेला की जास्त धरतात, माझा ६२. आणि गंमत म्हणजे ही गोळी तो आकडा खाली आणत नाही, म्हणून मग जे हातात आहे ते एलडीएल तरी खाली आणा असा सगळा हिशोब.

एलडीएल १९०च्या वर असेल तर थेट गोळीच सुरू करतात, पण मी हट्ट केला, तीन महिने द्या मला. दिले. आणि खरंच केलं हो मी. नारळ कमी, तळण बंद, रोज जवसाची चटणी, रात्री भिजवलेल्या मेथ्या, सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या (वर्गात पहिल्या बाकावरची पोरं मागं सरकून बसायला लागली), जाऊबाईंनी अर्जुनसालीचा काढा दिला तोही. वर पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालणं, निम्मा गड तरी. सप्टेंबरात एलडीएल १७६. सोळा पॉइंट. मी घरी येऊन अक्षरशः रडले. डॉक्टर म्हणाले मॅडम, तुम्ही नापास नाही झालात, शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपण खाऊन येत नाही, ते शरीरच बनवतं आणि त्यात लिव्हर पुढे, तुम्ही दारातनं येणारा माल थांबवलात पण कारखाना आत आहे.

हा कारखाना हाच या गोळीचा सगळा विषय आहे. लिव्हरमध्ये एक एन्झाइम असतं जे कोलेस्टेरॉल बनवायच्या साखळीतली महत्त्वाची पायरी चालवतं, स्टॅटिन (माझी गोळी याच जातीची) त्यालाच अडवते. मग लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडायला लागतं, ती आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे जास्तीचे रिसेप्टर लावते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते. म्हणजे रक्तातला आकडा उतरतो तो मुख्यतः या ओढून घेण्यामुळं. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. आणि पहिली स्टॅटिन कशात सापडली, तर बुरशीत! जपानचे अकिरा एंडो, त्यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली एका निळसर-हिरव्या पेनिसिलियम बुरशीत तो पदार्थ सापडला. नोबेल नाही मिळालं त्यांना, २०२४ मध्ये वारले. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले मग ब्रेड फेकू नको. (रोसुवास्टॅटिन मात्र पूर्ण लॅबमध्ये बनवलेली आहे, बुरशी तिची पणजी म्हणा फार तर.)

आता मुद्द्यावर येते. पहिली गोळी मला रोसुवा नव्हती, अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० होती. स्वस्त, जुनी, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली. तीन महिन्यांत १७६वरनं ११२. मेथ्यांनी जे केलं नाही ते एका पांढऱ्या टिकलीएवढ्या गोळीनं केलं. पण नोव्हेंबरपासनं पोटऱ्या ठणकायला लागल्या, दोन्ही, रात्री जास्त, जिना उतरताना कठडा धरायला लागायचा. मी मोबाइलवर वाचलं आणि मला खात्रीच पटली की स्नायू विरघळायला लागले. डॉक्टरांनी सीपीके नावाची रक्ताची टेस्ट केली, स्नायूंना खरी इजा झाली तर ती फार वाढते, माझी नॉर्मल आली. तरी म्हणाले तीन आठवडे थांबवून बघू. थांबवली, दुखणं गेलं. झालं सिद्ध, म्हणलं मी.

त्यावर त्यांनी मला एक अभ्यास सांगितला जो ऐकून मला आधी रागच आला. लंडनच्या इंपिरियल कॉलेजवाल्यांनी २०२०मध्ये छापला. साइड इफेक्टमुळं स्टॅटिन सोडून दिलेली ६० माणसं घेतली आणि प्रत्येकाला वर्षभराच्या बाटल्या दिल्या: चार महिन्यांच्या बाटल्यांत अ‍ॅटोर्वा, चार महिन्यांच्या बाटल्यांत तसल्याच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली ते ठरलेलं नाही, अदलाबदल करून. रोज त्रास किती ते मोबाइलवर नोंदवायचं. तर गोळी नसलेल्या महिन्यांपेक्षा गोळीच्या महिन्यांत त्रास खूप जास्त, पण खऱ्या गोळीत जेवढा जवळजवळ तेवढाच खोट्या गोळीतही! ९० टक्के त्रास खोट्या गोळीनंही झाला. मी म्हणलं म्हणजे मी काय नाटक करतेय का. तर म्हणाले नाही, दुखणं खरंच आहे, मी फक्त विचारतोय की ते गोळीचं आहे का. आणि मग विचारलं, गडावर जायला कधी लागलात? काय घालून जाता? शाळेची चप्पल घालून जात होते हो. आणि ज्या तीन आठवड्यांत गोळी बंद होती त्यात डिसेंबरची थंडी आणि सहामाहीचे पेपर, म्हणजे गडही बंदच होता. आता कशानं दुखत होतं ते देव जाणे. मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र स्टॅटिननं खरोखर स्नायूंना त्रास होणारी थोडी माणसं असतातच, त्यात लघवी चहासारखी गडद झाली आणि अंग फार दुखलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणून मीही सांगते.

तर २०२४च्या जानेवारीत बूट आले आणि रोसुवास्टॅटिन ५ आली. पाचच का, तर आशियाई लोकांच्या रक्तात ही गोळी गोऱ्या लोकांच्या जवळजवळ दुप्पट चढते, म्हणून कमीपासनं सुरुवात. एप्रिलमध्ये एलडीएल १०६. मग १० केली, जुलैमध्ये ९५. आता हे बघा, डोस दुप्पट केला तर उतार दुप्पट झाला का? नाही. पहिल्या पाच मिलिग्रॅमनं ७० पॉइंट खाली आणले, पुढच्या पाचनं फक्त ११. या गोळ्यांचा हा नियमच आहे म्हणे, डोस दुप्पट केला की साधारण ६ टक्केच जास्तीचे मिळतात. म्हणून कुणाला अजून खाली न्यायचं असलं की डॉक्टर डोस वाढवत बसण्यापेक्षा एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतात, ती आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. मला अजून लागली नाही. आणि पोटऱ्या? एप्रिलमध्ये थोड्या, मग विसरले.

आता मूर्खपणा. ९५ आलं, शंभराच्या आत, रिपोर्टवर काळी रेघ नाही, मी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. आणि दिवाळीत मनात आलं, आता नॉर्मल झालंय, मग कशाला? अँटिबायोटिकचा कसा कोर्स असतो, पाच दिवस घेतल्या, बरं झालं, संपलं, तसं माझ्या डोक्यात. कुणाला न विचारता पट्टी कपाटात ठेवून दिली. आणि बरंच वाटत होतं की! चकल्या खाल्ल्या, कानवले खाल्ले, काही झालं नाही. म्हणजे घेत असताना जसं काही वाटत नव्हतं तसंच सोडल्यावरही काही वाटलं नाही, यातच सगळी फसगत आहे. जानेवारीत रक्त दिलं तर १८३. डॉक्टर ओरडले नाहीत, त्यांनी फक्त आधीचे सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाले गणिताच्या बाई, तुम्हीच ग्राफ काढा. काढला मी घरी येऊन, मुलाच्या जुन्या ग्राफ पेपरवर. १९२, १७६, ११२, मग १०६, ९५, आणि टक्कन १८३. दुसरा कुठला पुरावा मागणार. कारखाना बंद झालेला नसतो, गोळी त्याला रोजच्या रोज अडवत असते. सोडली की काही आठवड्यांत परत होता तिथं.

दुसऱ्या फेरीत मी एक बदल केला, ब्रँडेड सोडून जनऔषधी केंद्रातली घेतली. आधी मनात पाल चुकचुकली, एवढी स्वस्त म्हणजे काहीतरी असणार. महिनाभराच्या गोळ्या पावभाजीच्या एका प्लेटपेक्षा कमी पैशात, ब्रँडच्या एका पट्टीत यांच्या कितीतरी पट्ट्या येतील. तीन महिन्यांनी एलडीएल ९७. ब्रँडेडवर ९५, हिच्यावर ९७, एवढा फरक तर आज रक्त दिलं आणि परवा दिलं तरी पडतो. एकीचा अनुभव आहे, पण माझ्या कामाचा आहे. जन्मभर घ्यायची गोळी असली की किमतीला अर्थ येतो.

मेडिकलवाल्यांबद्दल मात्र बोलायचंय. जनऔषधीत एकदा स्टॉक नव्हता म्हणून एका दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले (नाव नाही घेत), तर काउंटरवरच्या पोरानं त्याच नावाची पट्टी दिली, फक्त नावापुढे एक अक्षर जास्त. घरी येऊन चष्मा लावून बघते तर रोसुवासोबत फेनोफायब्रेट. ती ट्रायग्लिसराइडची गोळी, मला लिहूनच दिलेली नाही. तशाच अ‍ॅस्पिरिनवाल्या येतात, रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलवाल्या येतात, नावं सगळी बहिणी-बहिणींसारखी. परत केली, त्यानं बदलून दिली पण वर म्हणाला, काकू, यात जास्त पावर आहे. अरे बाबा मला पावर नकोय. तर नाव वाचू नका, नावाखाली बारीक अक्षरात काय काय मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. आणि ही शेड्यूल एचची गोळी आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, शेजारणीची उरलेली पट्टी घ्यायची तर मुळीच नाही. माझी एक मैत्रीण माझ्याच पट्टीकडं बघून मलाही दे म्हणाली होती, मी आणि सून दोघी मिळून घेऊ म्हणाली, आणि सुनेला तर दिवस राहायचे होते, मी हात जोडले. बाळ हवं असेल किंवा पोटात असेल तर ही गोळी टाळतात, हे आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

बारीकसारीक गोष्टी ज्या मला कुणी आधी सांगितल्या नाहीत:

ही रात्रीच घ्यायला हवी असं नाही. जुन्या सिमवास्टॅटिनसारख्या गोळ्या शरीरात थोडाच वेळ टिकतात आणि लिव्हर रात्री जास्त कोलेस्टेरॉल बनवते म्हणून त्या रात्री. रोसुवा आणि अ‍ॅटोर्वा दिवसभर पुरतात, सकाळी घेतल्या तरी चालतं, फक्त रोज. मी रात्रीच घेते कारण सकाळी मला माझा डबा आठवत नाही, गोळी कुठली आठवणार.

अ‍ॅसिडिटीचं ते घट्ट सिरप, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं, ते रोसुवाबरोबर घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही, गोळीनंतर दोन तास जाऊ द्या. आमच्याकडं जेवण झालं की सिरपचं झाकण हे रोजचंच, त्यामुळं हे मला फार उशिरा कळलं याचा राग आहे.

ग्रेपफ्रूट अ‍ॅटोर्वा आणि सिमवाबरोबर चालत नाही, गोळीची रक्तातली पातळी वाढवतं. आपल्याकडं ग्रेपफ्रूट कोण खातंय, पण पपनस त्याच घराण्यातलं, तर कोकणात-गोव्यात माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात ते) पपनस उतरवून खाणाऱ्यांनी अ‍ॅटोर्वा चालू असेल तर एकदा विचारून घ्यावं. रोसुवाला ही अडचण विशेष नाही.

शुगर. माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी टेस्ट) आधी ५.९ होतं, आता ६. स्टॅटिननं शुगर किंचित वर सरकते हे खरं आहे, विशेषतः माझ्यासारख्या बॉर्डरवरच्या लोकांची. डॉक्टरांचं म्हणणं, हार्टचा फायदा त्यापेक्षा मोठा. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४४४४ हृदयरोग्यांवरचा अभ्यास आला होता, सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्के कमी. ती माणसं आधीच आजारी होती, मी नाही, हे मलाही कळतं, माझा फायदा तेवढा मोठा नसणार. पण मामांचं वय ४९ होतं हेही कळतं. लिव्हरची एसजीपीटी सुरू करायच्या आधी आणि तीन महिन्यांनी केली, दोन्ही वेळा ठीक.

आणि टेस्टला बारा तास उपाशी जायची सक्ती आता राहिलेली नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या गाइडलाइनमध्ये उपाशी न राहता केलेली टेस्टही चालते असं आहे, ट्रायग्लिसराइड फार जास्त वगैरे असेल तरच उपाशी. लॅबवाला मात्र अजून फोनवर चहासुद्धा नाही हं मॅडम म्हणतो. मी पिऊन जाते.

मेथ्या-लसूण सोडलं का? लसूण सोडला, वर्गाच्या भल्यासाठी. काढाही बंद केला, जाऊबाई थोड्या नाराज आहेत. जवसाची चटणी आहे कारण आवडायला लागली. गडावर जाणं आहे, बुटांसकट. तळण महिन्यातनं दोनदा, चोरून नाही, सांगून.

रेटिंग पाचपैकी चार. काम चोख करते, किंमत कमी, मला तरी त्रास नाही. एक कापला तो पट्टीसाठी. चांदीच्या कागदावर चांदीच्याच रंगात एक्स्पायरी डेट ठोकलेली, चष्मा लावून, बॅटरी मारून, तिरकी धरून वाचावी लागते, आणि त्यात मेडिकलवाला पट्टी कात्रीनं कापून देतो ती नेमकी तारखेच्या बाजूनं, म्हणजे घरी आलेल्या तुकड्यावर सहा गोळ्या आणि तारीख गायब. मी आता काउंटरवरच सांगते, दादा पूर्ण पट्टी द्या, कात्री लावू नका.